मी उठले होते बाहेर जायला

मी, खाली सही करणारी, वय वर्षे शहात्तर, अविवाहित, माझ्या राहत्या घरातल्या स्वयंपाकाच्या टेबलाशी बसून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डॉक्टरांनी काल तपासून सांगितलं की बुद्धी शाबूत आहे, स्मरण चोख आहे, फक्त उजवा खुबा आणि डावा कान कामातून गेले आहेत. या दोहोंचा पुढच्या मजकुराशी संबंध नाही. आमच्या मंडळीतले एक गृहस्थ कोर्टात कारकून होते, आता निवृत्त आहेत. सगळे त्यांना कारकूनभाऊ म्हणतात. त्यांनी मला नमुना आणून दिला. त्यात 'व्यवसाय' या शब्दापुढे त्यांनी स्वतःच 'काही नाही' असं लिहून ठेवलं होतं. ते मी खोडलं आहे आणि शेजारी छोटी सही केली आहे, ती ग्राह्य धरावी. व्यवसाय असा: प्रभुमंदिरातल्या वेदीची वस्त्रं धुणं, खळ देणं, इस्त्री करणं, त्रेचाळीस वर्षं. शिवाय भावाचा सांभाळ, तो त्याहून जास्त वर्षं.

नमुन्यात पुढे असं आहे की हे सर्व मी 'स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाला बळी न पडता' लिहून ठेवीत आहे. हे वाक्य मी दोनदा वाचलं. माझ्या आयुष्यातल्या दुसऱ्या कुठल्याही कागदावर ते खोटं ठरलं असतं. या कागदावर खरं आहे, म्हणून राहू दिलं आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

कलम १. अंत्यविधी

मला मंडळीच्या दफनभूमीत भावाच्या शेजारी ठेवावं. आईच्या पायाशी जागा रिकामी आहे हे मला माहीत आहे. तिथे नको. तिथे मी हयातीत पुष्कळ राहिले.

पाळकसाहेब तरुण आहेत, मनाचे चांगले आहेत, आणि माझ्या अंत्यविधीचं भाषण त्यांच्याकडे तयार आहे. गेल्या वर्षी मी न्यूमोनियाने पडले होते तेव्हा ते प्रार्थनेला आले आणि जाताना त्यांचा एक कागद माझ्या खाटेखाली राहिला. वाचू नये हे मला कळतं, पण माझं नाव दिसल्यावर कोण थांबेल? त्यात लिहिलं होतं: 'मावशी कधी कुरकुरल्या नाहीत. मावशी नेहमी नम्रपणे शेवटच्या बाकावर बसल्या. मावशींनी एके दिवशी प्रभूची हाक ऐकली आणि त्या उभ्या राहिल्या.' पुढच्या भेटीत मी तो कागद त्यांच्या बायबलात सरकवून दिला. बिचाऱ्यांना अजून पत्ता नाही.

तीन वाक्यं आहेत आणि तिन्ही चुकीची आहेत. ती माझ्या शवपेटीसमोर बोलू नयेत. पहिल्याचं उत्तर इथेच देते. मी रोज कुरकुरले. आवाज न करता कुरकुरायचं कसं, ते आईने मला लहानपणीच शिकवलं होतं. उरलेल्या दोन वाक्यांचा खुलासा कलम दोन आणि तीनमध्ये आहे. ती दोन कलमं तेवढी कारकूनभाऊंनी त्या दिवशी मोठ्याने वाचावीत. चहा त्यानंतर द्यावा, आधी दिला तर कोणी थांबणार नाही.

कलम २. शेवटचा बाक

माझा भाऊ माझ्याहून पाच वर्षांनी धाकटा. साठी ओलांडली तरी सगळे त्याला बाळच म्हणायचे. त्याला फेफरं यायचं. फेफरं यायच्या आधी त्याचा उजवा हात आपोआप कॉलरशी जायचा आणि वरचं बटण पिरगाळू लागायचा. तिथून पुढे आमच्या हातात जेमतेम तीन मिनिटं असायची. तेवढ्यात त्याला गर्दीतून काढायचं, आडवं करायचं, मान कुशीवर करायची. प्रभुमंदिरात बाजूचं दार शेवटच्या बाकाला लागून आहे. म्हणून आम्ही शेवटच्या बाकावर बसायचो, दाराकडच्या टोकाला तो आणि आत मी. एवढंच आहे ते.

माझ्या या नम्रपणावर आजवर दोन पाळकांनी उपदेश केले. एकदा तर 'मेजवानीत शेवटच्या जागी बसा' हे वचन वाचून झाल्यावर सगळी मंडळी मागे वळून माझ्याकडे बघत होती. मी त्या वेळी बाळच्या बटणाकडे बघत होते.

त्या बाजूच्या दाराला तीन पायऱ्या आहेत, आणि मोठ्या माणसाला धरून तीन पायऱ्या उतरणं म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच कळतं. माझ्या पोस्टाच्या खात्यात जे काही निघेल त्यातून दफनाचा खर्च करून उरेल त्यात त्या पायऱ्यांच्या जागी उतार बांधावा. माझ्या नावाची पाटी लावू नये. कठडा मात्र लावावा.

कलम ३. कपाटाची किल्ली

वेदीच्या वस्त्रांच्या कपाटाची किल्ली माझ्या गळ्यात आहे, शब्दशः. ती कशी आली ते लिहिते.

त्रेचाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. हे काम करणाऱ्या म्हाताऱ्या बाई त्या महिन्यात वारल्या होत्या. तेव्हाचे पाळक भारदस्त होते, आवाज तर असा की खिडकीच्या काचा दणाणायच्या. उपासना संपता संपता ते म्हणाले, "सर्वांनी डोळे मिटा. ज्या कोणाला प्रभूने आपल्या घराच्या सेवेसाठी आयुष्य द्यायला बोलावलं आहे, त्याने आता उभं राहावं." कोणी हलेना. डोळे सगळ्यांनी मिटले होते, मी सोडून. मला डोळे मिटायची सोय नव्हती. आणि बाळचा हात कॉलरकडे गेला.

मी उठले. त्याची बाही धरली आणि बाहेर जायला निघाले. पाळकांनी नेमके तेव्हा डोळे उघडले. "प्रभूचं नाव धन्य असो," ते म्हणाले. पेटी वाजू लागली, माणसं वळून बघू लागली. पुढच्या बाकावर आई होती, ती तोंडाला रुमाल लावून रडायला लागली. मी तशीच अर्धी बाकाच्या आत, अर्धी बाहेर. भावाची मान कलायला लागली होती. मी काय करणार, मी त्याला घेऊन बाहेर गेले. त्याचं आटपून परत येईपर्यंत गीत म्हणून झालं होतं, माझं नाव सेवेच्या वहीत चढलं होतं, आणि सगळ्यांचं एकमत झालं होतं की मावशीचा कंठ इतका दाटून आला की तिला आत थांबवेना.

मग मी सांगितलं का नाही? हे मला अजून कोणी विचारलेलं नाही, पण मी स्वतःला रोज विचारते. त्या दुपारी आईला म्हटलं, "आई, मी बाळसाठी उठले होते." आई म्हणाली, "असं म्हणू नकोस. देवापुढे उभं राहिलेलं माणूस खाली बसत नाही." सोमवारी पाळकांकडे गेले. ते म्हणाले, "मुली, प्रभू कशाकशातून हाक मारतो, ते आपण कोण ठरवणार?" मी देवावर विश्वास ठेवणारी बाई आहे. कदाचित त्याने बाळच्या बटणातून हाक मारली असेल. आणि नसेल तर सगळ्या मंडळीसमोर उभं राहून सांगायचं की मी देवासाठी उभी राहिले नव्हते, एवढी छाती माझी नव्हती. दुसऱ्या रविवारी सांगू म्हटलं. तो दुसरा रविवार अजून यायचा आहे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, फक्त मारणारे सगळे माझ्यावर जीव टाकणारे होते.

तरी काम मी मनापासून केलं, हेही नोंदवून ठेवते. माझ्या हातच्यासारखी वस्त्रं दुसऱ्या कुठल्या प्रभुमंदिरात नव्हती. ती वेदीवर अंथरली की मला आनंद व्हायचा. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

किल्ली मी मंडळीच्या पंचकमिटीतल्या पाचही पुरुषांना मिळून देते. त्यांनी पाळीपाळीने वस्त्रं धुवावीत. प्रभुभोजनातल्या द्राक्षरसाचा डाग पडला तर साबण लावू नये, डाग पक्का बसतो. कापड भांड्याच्या तोंडावर ताणून बांधावं आणि हात उंच धरून डागावर उकळतं पाणी सोडावं. खळ पातळ असावी. कापड ओलसर असतानाच इस्त्री फिरवावी आणि मधली घडी बोटाने दाबू नये. 'हे बायकांचं काम' असं त्यांच्यापैकी कोणी म्हणाल्यास कमिटीच्या सभेत त्याचं नाव नोंदवावं आणि त्याला सलग दोन महिने द्यावेत.

आणि यापुढे कुठल्याही पाळकाने लोकांना डोळे मिटायला सांगून उभं राहायला सांगू नये. कोणी उभं राहिलंच तर जवळ जाऊन हळू आवाजात विचारावं, "बाई, कशासाठी उठलात?" माझी मंडळीला एवढीच देणगी आहे.

कलम ४. घड्याळजी

हे कलम मोठ्याने वाचू नये.

त्या वर्षी प्रभुमंदिराच्या मनोऱ्यावरचं घड्याळ दुरुस्त करायला एक घड्याळजी आले होते. तीन महिने होते. मी खाली आवारात त्या म्हाताऱ्या बाईंना वेदीचे कपडे वाळत घालायला मदत करायची आणि ते वरून विचारायचे, "किती वाजले दिसतात?" मी म्हणायची, "तुम्हीच सांगा, पगार तुम्हाला आहे." असं करत करत एका गुरुवारी त्यांनी मला लग्नाचं विचारलं. मी म्हटलं, माझा भाऊ आहे. ते म्हणाले, "मला माहीत आहे. त्यालाही घेऊन चला. त्याला मी चाकं निवडायला शिकवीन, त्याचं बोट स्थिर आहे." बाळचं बोट स्थिर आहे हे तोवर कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. मी म्हटलं, रविवारी उपासना झाली की पायऱ्यांवर उत्तर देते. मी हो म्हणणार होते.

तो रविवार म्हणजे कलम तीनमधला रविवार.

मी बाळला धरून बाहेर आले, त्याचं आटपलं, आणि ते पायऱ्यांवर आले. टोपी हातात होती. म्हणाले, "कळलं मला. देवासमोर मी कोण?" मी म्हटलं, "थांबा. याला घरी ठेवून येते, मग बोलू." बाळ अर्धवट ग्लानीत, अंग सगळं माझ्यावर टाकलेलं. घर दोन गल्ल्या पलीकडे. मी परत आले तेव्हा पायऱ्या रिकाम्या होत्या, आणि मंगळवारी ते गाव सोडून गेले. घड्याळ अजून बरोबर वेळ दाखवतं. काम चोख केलं होतं.

मी सगळ्यांना क्षमा केली आहे. आईला केली, त्या भारदस्त पाळकांना केली, देवाशीही माझं बोलणं झालेलं आहे. या माणसाला मात्र मी क्षमा केलेली नाही. अर्धा तास थांबायचं होतं. ते हयात असले तर ऐंशीच्या पुढे असतील. त्यांना माझ्याकडून काही नाही.

कलम ५. घर

आता मुख्य मिळकत. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे कपडे वाळवायची जागा.

हे घर आईचं. त्या रविवारनंतर आठ वर्षांनी ती वारली आणि तिचं मृत्युपत्र कारकूनभाऊंनीच वाचून दाखवलं. ते तेव्हा नोकरीत होते. त्यातलं कलम मला तोंडपाठ आहे. 'माझ्या थोरल्या मुलीने प्रभूला दिलेलं वचन ध्यानात घेऊन हे घर मी तिला देते, ते या अटीवर की ती भावाला अंतर देणार नाही आणि हयात असेपर्यंत हे घर सोडून इतरत्र राहणार नाही. ती इतरत्र राहिल्यास घर तत्काळ मंडळीच्या मालकीचं होईल.' धाकटी बहीण लग्न करून केव्हाच गेली होती, तिला दागिने मिळाले. मला घर मिळालं. सगळे म्हणाले, मावशीचं नशीब थोर, डोक्यावर छप्पर आहे.

मी फक्त उठून उभी राहिले होते, आणि आठ वर्षांत त्याचं रजिस्टर केलेलं कलम झालं. वाचून झाल्यावर मी कारकूनभाऊंना विचारलं, "ही अट मोडता येते का?" ते म्हणाले, "कलम पक्कं आहे, मावशी. काळजी नको, घर कोणी काढून घेणार नाही." त्यांना वाटलं मला घर जाण्याची भीती आहे.

बाळ गेला त्याला सात वर्षं झाली. झोपेतच गेला, फेफरं नव्हतं, हात पांघरुणावर मोकळा होता. मी खूप रडले. त्याच्याशिवाय मला बसताही येईना, माझं शरीर सतत उठायच्या तयारीत असायचं. पण पुढच्या उन्हाळ्यात एका सकाळी वाटलं की जावं. कुठे ते ठरवलं नव्हतं. घर जायचं तर जाऊ दे म्हटलं. माळ्यावरची कपड्यांची पेटी उतरवायला स्टुलावर चढले आणि पडले. खुबा मोडला. अट भावाची संपली तर पायाची लागली.

कलम ६. किरकोळ

(अ) दाराची वरची कडी. बाळ एकदा न सांगता बाहेर गेला आणि रस्त्यात पडला, तेव्हा मी सुताराकडून त्याच्या हाताला लागणार नाही एवढ्या उंचीवर कडी बसवून घेतली. मी त्याच्याहून उंच, माझा हात टाचा वर करून पुरायचा. आता पाठ वाकली आहे आणि टाचा वर होत नाहीत. घरातलं दुसरं माणूस झोपलेलं असलं आणि कडी लागलेली असली की मी आत ती आतच. डाकवाला खिडकीतून बोलतो. ती कडी उपसून काढावी आणि भोकं बुजवावीत.

(आ) लोखंडी इस्त्री दोन नग. शेजारच्या शिंपीणबाईंना द्याव्यात. त्या मागत नाहीत, पण बघतात.

(इ) बाळच्या बटणांचा डबा. त्याने पिरगाळून तोडलेली सगळी बटणं त्यात आहेत. कोणाच्या उपयोगाची नाहीत. माझ्याबरोबर ठेवावीत.

कलम ७. भाची

हे कलम फक्त तिने वाचावं. कारकूनभाऊ, तुम्ही चष्मा काढून ठेवा.

माझी भाची, धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण वारली. भाची एक्स-रे काढायचं शिकलेली आहे, आणि साधंसुधं नव्हे, मोठमोठी यंत्रं चालवते. माझा खुबा मोडला तेव्हा ती पंधरा दिवसांसाठी आली. एक बॅग आणि दोन पुस्तकं घेऊन आली होती. त्याला सहा वर्षं झाली. मोठ्या दवाखान्यातली नोकरी सोडून इथल्या एका खोलीच्या दवाखान्यात सकाळी चार तास जाते, तुटक्या बोटांचे फोटो काढते आणि धावत घरी येते. संध्याकाळी माझ्या खुब्याला तेल लावते. वेदीची वस्त्रं आता तीच धुते आणि मी खुर्चीत बसून चुका काढते.

गेल्या महिन्याच्या अखेरीस पाळकसाहेब आले होते. मी आतल्या खोलीत होते, पण उजवा कान अजून चालतो. स्वयंपाकघरात ते तिला म्हणाले, "ताई, मावशींच्या नंतर किल्ली तुमच्याकडेच शोभेल. पुढच्या महिन्यात उपासनेत जाहीर करू." आणि ती म्हणाली, "बघू."

आमच्या घराण्यात 'बघू' म्हणजे 'हो'. घरापायी मी अडकले, आणि माझ्यापायी आता ती.

त्यानंतर चार दिवसांनी खळीच्या डब्यात मला एक पत्र सापडलं. तो डबा मी आता उघडत नाही असं तिला वाटत होतं. दुसऱ्या शहरातल्या रुग्णालयाचं पत्र. नवा विभाग, तिने तो चालवायचा, राहायला खोली, पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला हजर व्हायचं. खाली लिहिलं होतं की ही मुदत तिसऱ्यांदा आणि शेवटची वाढवून देत आहोत. म्हणजे दोनदा तिने मला न सांगता पुढे ढकललं होतं.

मी तिला विचारलं, "हे काय आहे?"

"काही नाही गं, जुनं आहे."

"तारीख याच महिन्याची आहे."

"मावशी, तुला टाकून जाऊ का मी? काहीतरीच बोलतेस." असं म्हणून तिने माझ्या पायांवरची शाल नीट केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा काढलं, तर म्हणाली, "तू बरी झालीस की बघू." शहात्तराव्या वर्षी मी काय बरी होणार? मी मरायची तेवढी वाट. आणि मी चिवट आहे, अजून दहा वर्षं सहज काढीन. डॉक्टरही तेच म्हणतात, आणि वर आनंदाने म्हणतात.

आधी मी ठरवलं होतं की अट काहीही असो, कोर्टात भांडून का होईना, घर तिच्या नावावर करायचं. हे मृत्युपत्र लिहायला घेतलं ते त्यासाठीच. दोन ओळी लिहिल्या आणि पेन थांबलं. हा कागद मी मेल्याशिवाय तोंड उघडत नाही, आणि ती मी मरेपर्यंत हलत नाही. मग कागदाचा उपयोग काय? वर पुन्हा तिच्या गळ्यात तेच घर, तीच कडी, तेच कपाट. लोक म्हणतील, भाचीचं नशीब थोर.

म्हणून आईची अट मी मोडत आहे. मंडळीचा वृद्धाश्रम आहे, बाजाराच्या मागे, सात खाटांचा. येत्या शनिवारी, अठ्ठावीस तारखेला, मी तिथे राहायला जात आहे. त्या दिवशी घर आपोआप मंडळीचं होईल. आईनेच तशी सोय करून ठेवली आहे. आता कळतंय की पस्तीस वर्षं मी ज्या कलमाच्या भीतीने जगले, ते वापरायलाही येत होतं. कमिटीला सांगितलं तर पाचही जण धावत आले. "मावशी, आमचं काय चुकलं? कोणी काही बोललं का? तुम्ही या घरातच शोभता." मी म्हटलं, "वस्तू शोभतात. मला खिडकीजवळची खाट द्या."

मी तिथे आनंदाने जात आहे असं कोणी लिहू नये. त्या आश्रमात मी दर गुरुवारी जायची, म्हाताऱ्यांची नखं कापायला. घरी आले की कोपरापर्यंत हात धुवायची आणि देवाचे आभार मानायची की मी तिथली नाही. मला त्या जागेची भीती वाटते. तिथला वास मला सहन होत नाही आणि दुपारी तिथे कोणी बोलत नाही. पण खुर्चीवर बसून दुसरी मावशी तयार करण्यापेक्षा ते बरं.

एवढं करूनही भाची जाईना. म्हणाली, "मग मी आश्रमाजवळ खोली घेते. संध्याकाळी येत जाईन तेल लावायला."

तेव्हा मी काय केलं ते लिहिते, कारण हे लिहिण्यासाठीच बाकीची सहा कलमं लिहिली.

परवा, रविवारी संध्याकाळी, ती तेल लावत होती. मी म्हटलं, "पुरे. तुझे हात जड आहेत."

ती थांबली. "दुखलं का?"

"सहा वर्षं दुखतंय. तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही. तुझं करणं मला मानवत नाही. स्वयंपाक तर गिळवत नाही. आश्रमात शिकलेली नर्स आहे, तिच्या हातून मला बरं वाटेल. खोली वगैरे घेऊ नकोस. तू मागे मागे फिरतेस, त्याने मला गुदमरायला होतं."

"मावशी, तुला मी नको झाले का?"

"हो," मी म्हटलं.

तिने तेलाची वाटी उचलली, हात पुसले, आणि माझा पाय नीट उशीवर ठेवून मग उठली. एवढं ऐकूनही पाय नीट ठेवला. आतल्या खोलीत गेली. सोमवारी सकाळी बॅग काढली. सोमवारपासून माझ्याशी बोलत नाही. ताट समोर ठेवते आणि जाते. तिकीट एकोणतिसाव्या तारखेचं काढलं आहे, ते टेबलावर पाहिलं.

मी देवापुढे आजवर एकदाच खोटी उभी राहिले, तीही चुकून. हे मात्र ठरवून, तोंड बघून, स्वखुशीने केलं. याचा जाब मी त्याला देईन.

पोरी, आता तुला. स्थावर, जंगम, वस्तू, किल्ली, काहीही मी तुझ्या नावावर ठेवलेलं नाही. ते विसरून नाही, विचार करून केलं आहे, म्हणून कोणी तुझ्या वतीने हरकत घेऊ नये. तू हे वाचशील तेव्हा किती वर्षं माझ्यावर रागावून काढली असशील ते मला माहीत नाही. राग असू दे म्हणून तर सगळं केलं. माया असती तर तू दारातून परत आली असतीस, मी तुला ओळखते. तू पत्र लिहिणार नाहीस, भेटायला येणार नाहीस, आणि मी खिडकीजवळच्या खाटेवर बसून म्हणेन की बरं झालं, आणि मला ते मुळीच बरं वाटणार नाही.

तुला एवढंच देते. रविवारी बोलले ते सगळं खोटं होतं. तुझे हात हलके आहेत. दुपारी चारपासून मी घड्याळाकडे बघत बसायची, तू तेलाची वाटी कधी घेऊन येतेस म्हणून.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, शुद्धीवर असताना पुरं केलं. कारकूनभाऊंनी ते लखोट्यात बंद करून जवळ ठेवावं, आणि माझ्या मृत्यूनंतर भाचीचा पत्ता शोधून, ती कितीही लांब असली तरी, कलम सातवं तिच्या हातात द्यावं. टपालाने पाठवू नये. माझ्या हयातीत ती आली आणि कितीही वेळा विचारलं तरी लखोटा उघडू नये. मी स्वतः येऊन मागितला तरी देऊ नये.

सही
(जिला सगळी मंडळी मावशी म्हणते ती)

साक्षीदार पहिले: निवृत्त कोर्ट कारकून. मजकूर वाचला नाही, सही होताना पाहिली.

साक्षीदार दुसरे: डॉक्टर. मजकूर वाचला नाही, सही होताना पाहिली. सही करताना बाईंचा हात स्थिर होता, डोळ्यांना पाणी होतं. प्रकृतीचं कारण नाही.

ठिकाण: राहतं घर, स्वयंपाकघर. अजून चार दिवस माझं.
तारीख: चोवीस, मंगळवार, सकाळी अकरा. भाची कामावर गेलेली आहे.